पहिली रायफल घेण्याआधी: १० मीटर एअर रायफल शिकणाऱ्यांसाठी

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझपदक जिंकलं, तेव्हापासून रायफल क्लबमध्ये नव्या मुलामुलींची आणि त्यांच्या आईवडिलांची चौकशी वाढली आहे. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: कोणती रायफल घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे. पहिले काही महिने कोणतीच घेऊ नका. क्लबची रायफल वापरा, आधी उभं राहायला शिका. दहापैकी दहा गुण मिळतात ते प्रत्येक वेळी शरीर तंतोतंत तसंच उभं राहिल्यामुळे. साधनांचं काम एवढंच, की तो तंतोतंतपणा तुम्हाला सोपा जावा.

हा लेख खेळ म्हणून नेमबाजी शिकू पाहणाऱ्यांसाठी आहे. पोलिस, सैन्यदल किंवा एनसीसीकडे डोळा असलेल्यांनाही तो उपयोगी पडेल. एनसीसीत पॉइंट टू टू (०.२२ इंच बोअरची, खरी गोळी चालवणारी) रायफल हातात देण्याआधी कॅडेटकडून तीन गोष्टी घोकून घेतात: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त (म्हणजे अचूक नेम), सही ट्रिगर. धावत, आडोशाआडून, अंधारात गोळी चालवण्याचं लष्करी प्रशिक्षण याच तीन गोष्टींवर पुढे रचलेलं असतं आणि ते वर्दीतले प्रशिक्षकच देतात. पाया मात्र सगळ्यांचा सारखा. सामान्य नागरिकाला तो कायदेशीरपणे आणि कमी खर्चात शिकायचा असेल, तर १० मीटर एअर रायफलसारखा, म्हणजे हवेच्या दाबानं १० मीटरवरच्या टार्गेटवर छर्रा मारण्यासारखा, दुसरा रस्ता नाही. अंजली भागवत एनसीसीतूनच या खेळात आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या एअर रायफल फायनलपर्यंत पोहोचल्या.

कुठे शिकायचं, कायदा काय म्हणतो

शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. मॅच रायफलचा, म्हणजे स्पर्धेच्या एअर रायफलचा, छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० ते १७५ मीटर. हिशोब केला तर ऊर्जा ८ ज्यूलच्या आसपास येते, म्हणजे मर्यादेच्या पुष्कळ आत. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो, तो द्यावा. पॉइंट टू टू रायफल मात्र बंदुकीत मोडते. तिला परवाना आणि संघटनेची कागदपत्रं लागतात, त्यामुळे तो विषय पहिल्या वर्षात डोक्यातून काढून टाका.

परवाना लागत नाही याचा अर्थ कुठेही चालवता येते असा नाही. गच्चीवर, शेतात, पाखरांवर तर अजिबात नाही. पक्ष्यांना मारणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं, आणि ४.५ मिलिमीटरचा छर्रा माणसाचा डोळा कायमचा घालवू शकतो. रायफल उघड्यावर खांद्याला लावून फिरू नका. रिक्षात, एसटीत, रेल्वेत ती बंद केसमध्ये असावी आणि सोबत क्लबचं ओळखपत्र असावं. बघणाऱ्याला ती एअर रायफल आहे की दुसरी कुठली, हे लांबून कळत नाही.

शिकायला रेंजच हवी. पुण्यात बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल, मुंबईत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, कोल्हापुरात दुधाळी, आणि बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा रायफल असोसिएशन किंवा तिच्याशी जोडलेले खासगी क्लब. क्लब निवडताना लेन किती आणि मॉनिटर (शॉटचे गुण दाखवणारे पडदे) कुठल्या कंपनीचे, हे नंतर बघा. एक तास मागे खुर्चीवर बसून प्रशिक्षक काय करतात ते पाहा. प्रशिक्षक मुलांच्या पायांकडे आणि कमरेकडे बघत असतील तर तिथे नाव घाला. नुसते मॉनिटरवरचे आकडे ओरडत असतील तर दुसरा क्लब शोधा.

पहिला दिवस: सुरक्षितता

हा भाग घाईनं वाचू नका. रायफलची नळी कायम टार्गेटच्या दिशेनं. भरलेली असो वा रिकामी, ती भरलेलीच आहे असं समजून हाताळायची. नेम धरून तयार होईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. नेम धरत नसाल तेव्हा नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे ब्रीचमधून (छर्रा भरतात त्या मागच्या तोंडातून) नळीत घातलेली रंगीत दोरी, जी दिसली की नळीत छर्रा नाही हे कुणालाही लांबून कळतं. रेंज ऑफिसरनं ‘स्टॉप’ म्हटलं की ट्रिगरवर आलेलं बोटसुद्धा तिथेच थांबायचं. समोर कुणी जाणार असेल तर सगळ्यांच्या रायफली खाली, फ्लॅग घातलेल्या, आणि त्या वेळात कुणीही रायफलला हात लावायचा नाही, साफ करायलासुद्धा नाही. दुसऱ्याच्या रायफलला त्याच्या परवानगीशिवाय हात लावू नये, हा शिष्टाचारही आहे आणि सुरक्षिततेचा नियमही.

घरी रायफल आली की ती कुलपात, छर्रे वेगळ्या कुलपात. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. लहान मुलांच्या पालकांनी ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

टार्गेट नीट समजून घ्या

टार्गेटच्या मधला दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा असतो. ऐकून छाती दडपते, पण नियम उदार आहे: छर्ऱ्याची कड ठिपक्याला नुसती लागली तरी दहा. छर्राच ४.५ मिलिमीटरचा, त्यामुळे त्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून २.५ मिलिमीटरच्या आत असला की दहा मिळतात. पुढचा प्रत्येक गुण आणखी २.५ मिलिमीटरनं जातो. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर दहाचेही भाग पडतात, १०.० पासून १०.९ पर्यंत. सामना ६० शॉटचा, म्हणजे जास्तीत जास्त ६५४.० गुण. राष्ट्रीय पातळीवर ६३० च्या पुढचा स्कोअर चांगला मानतात, म्हणजे ६० शॉटची सरासरी १०.५.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा. रायफलवर नेम धरायच्या दोन साइट असतात: मागे डायॉप्टर (बारीक भोकाची, डोळ्याजवळची) आणि पुढे फोरसाइट (नळीच्या टोकाकडची, आत रिंग असलेली), दोघांमधलं अंतर साधारण ८० सेंटिमीटर. डोळ्याला दिसणारं या दोघांचं जुळणं ०.१ मिलिमीटरनं चुकलं तर १० मीटरवर शॉट सव्वा मिलिमीटर सरकतो, म्हणजे अर्धा गुण गेला. याउलट दोन्ही साइट एका रेषेत ठेवून अख्खी रायफल एक मिलिमीटर डोलली, तर शॉट एकच मिलिमीटर हलतो. नवा माणूस रायफल डोलते म्हणून घाबरतो आणि टार्गेटच्या मधल्या काळ्या ठिपक्याकडे (दहाच्या बारीक ठिपक्याभोवतीच्या मोठ्या काळ्या वर्तुळाकडे) टक लावून बसतो. खरा तोटा त्या टक लावण्यानं होतो, कारण तेवढ्यात साइट्सचं जुळणं सुटतं. डोलणं पहिल्या दिवसापासून असतं आणि ऑलिम्पिकपटूचंही पूर्ण जात नाही. ते हळूहळू लहान होत जातं.

साहित्य: कोणत्या क्रमानं घ्यायचं

पहिली खरेदी बूट. नेमबाजीचे बूट सपाट तळाचे, बाजूनं घट्ट, आणि त्यांनी पाय जमिनीवर रुंद बसतो. तळ वाकतो की नाही याची स्पर्धेत यंत्रावर तपासणी होते, म्हणून नियमात बसणारेच घ्या. सुरुवातीला पातळ, सपाट तळाचे साधे कॅनव्हासचे बूट चालतात. रनिंग शूज नकोत, त्यांचा मऊ फुगीर तळ पावलाला सतत हलतं ठेवतो.

दुसरी खरेदी जॅकेट, आणि जमलं तर ट्राउझर. हे जाड कॅनव्हास आणि चामड्याचे कपडे पाठीला आधार देतात. कापडाची जाडी एकेरी ठिकाणी २.५ मिलिमीटरपेक्षा जास्त असून चालत नाही, कडकपणाही मोजतात. जॅकेट मापाचंच हवं. ‘मूल वाढतंय, दोन साइज मोठं घेऊ’ हा हिशोब शाळेच्या गणवेशाला चालतो, इथे नाही. सैल जॅकेटमध्ये पाठ आधार शोधत राहते आणि खांद्यावर बट (रायफलचं मागचं टोक) दर वेळी नव्या जागी बसतं. वाढत्या वयाच्या मुलांसाठी क्लबमधल्या मोठ्या मुलांचं वापरलेलं जॅकेट घेणं शहाणपणाचं. भारतातही चांगले सेट शिवून मिळतात, परदेशीच हवं असं नाही.

तिसरी, डाव्या हाताचा ग्लव्ह. रायफल सव्वाचार ते साडेपाच किलोची असते, आणि ५.५ किलो ही नियमातली कमाल मर्यादा. ते वजन मुठीवर पेलायचं तर गादी हवी. सोबत ब्लाइंडर: ज्या डोळ्यानं नेम धरत नाही त्याच्यापुढे लावायची अर्धपारदर्शक पट्टी, रुंदी ३० मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. डोळा मिटून नेम धरू नका. मिटलेल्या डोळ्याच्या स्नायूंचा ताण उघड्या डोळ्यावरही येतो आणि अर्ध्या तासात नजर थकते.

चष्मा असलेल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. रायफलच्या चीक पीसवर गाल टेकवला की आपण नेहमीच्या चष्म्याच्या नाकाजवळच्या कोपऱ्यातून बघतो, आणि तिथे भिंगाचा नंबर नीट लागू पडत नाही. नेमबाजीच्या फ्रेममध्ये भिंग डोळ्यासमोर सरळ आणून बसवता येतं. नेत्रतज्ज्ञांना सांगा की दूरचं नाही, हातभर अंतरावरची फोरसाइटची रिंग ठळक दिसायला हवी. हे केल्यावर काहींचा ग्रुप (टार्गेटवर शॉट पडतात तो पुंजका) एका आठवड्यात अर्धा झालेला मी पाहिला आहे, त्यामुळे चष्म्यावरच्या खर्चात काटकसर करू नका.

आणि मग रायफल. बाजारात नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या रायफली स्वस्तात मिळतात. त्यांच्यात जड पिस्टन पुढे आदळतो, रायफल मागे-पुढे दोन्हीकडे झटका देते, आणि तो झटका छर्रा नळीत असतानाच लागतो. त्यावर शिकलात तर हाताला झटक्याला आवरायची सवय लागते, ती सोडवायला पुढे फार वेळ जातो. स्पर्धेच्या रायफली पीसीपी असतात, म्हणजे सिलिंडरमध्ये २०० बारच्या दाबानं हवा भरलेली, आणि झटका जवळजवळ नाही. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, अ‍ॅन्शुट्झ ही जर्मन नावं रेंजवर रोज ऐकू येतील. नवी इम्पोर्टेड रायफल लाखांच्या घरात जाते. क्लबमध्ये चार वेगवेगळ्या रायफली धरून पाहिल्याशिवाय तो खर्च करू नका. उजव्या हाताला लागणारी ग्रिप, बटची लांबी, चीक पीसची उंची जुळली नाही, तर महागडी रायफलही उसनी वाटते.

सिलिंडरबद्दल दोन सूचना, दोन्ही जिवाशी संबंधित. त्यात फक्त कोरडी, गाळलेली हवा भरायची. ऑक्सिजन कधीही नाही, दाबाखालचा ऑक्सिजन तेलाच्या थेंबाशी भेटला तर स्फोट होतो. आणि सिलिंडरवरची तारीख बघा, १० वर्षं उलटलेलं सिलिंडर वापरायचं नाही. जुनी रायफल विकत घेताना ही तारीख सगळ्यात आधी तपासा, नाहीतर स्वस्तात मिळालेली रायफल नव्या सिलिंडरसकट महाग पडते.

छर्रे सपाट तोंडाचे, म्हणजे वॉडकटर. ते कागदावर गोल, स्वच्छ भोक पाडतात. डोक्याचं माप ४.४८ ते ४.५२ मिलिमीटरपर्यंत वेगवेगळं येतं आणि प्रत्येक नळीला एखादं माप जास्त मानवतं. पहिल्या वर्षी हे शोधत बसू नका, चांगल्या प्रतीचा एकच डबा नेमानं वापरा. कोकणात आणि पावसाळ्यात सगळीकडेच रायफल ओलसर केसमध्ये ठेवू नका, घरी आल्यावर बाहेर काढून कोरड्या फडक्यानं पुसा आणि धातूच्या भागांवर तेलाचं बोट फिरवा.

उभं राहणं

एअर रायफल उभ्यानंच चालवायची आणि स्लिंगचा (हाताला अडकवायच्या पट्ट्याचा) आधार नाही. त्यामुळे सगळा खेळ सांगाड्याचा आहे. स्नायूंनी पेललेलं वजन दहा मिनिटांत थरथरायला लागतं, हाडांवर टेकवलेलं वजन तासभर राहतं. खाली उजव्या हाताच्या नेमबाजासाठी लिहितो, डावखुऱ्यांनी उलट धरावं.

आधी कोणता डोळा प्रबळ आहे ते तपासा. दोन्ही तळहात पुढे करून मध्ये छोटी खिडकी ठेवा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं तो प्रबळ. हात उजवा आणि डोळा डावा असेल तर प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगा.

टार्गेटकडे डावी बाजू करून उभे राहा, पावलं खांद्याइतकी दूर, वजन दोन्ही पायांवर सारखं. गुडघे सरळ, पण मागे ताणून कुलूप लावल्यासारखे नाहीत. कंबर टार्गेटकडे किंचित पुढे जाते, पाठ मागे आणि थोडी उजवीकडे झुकते. रायफलचं वजन पुढे आहे, त्याच्या तोलाला शरीराचा वरचा भाग मागे. डावं कोपर कमरेच्या हाडावर किंवा त्याच्या लगत फासळीवर टेकतं, आणि रायफल, मूठ, कोपर, कंबर, पाय हे सगळं जमेल तितकं एकाच्या खाली एक येतं. कोपर हवेत असेल तर काहीतरी चुकलं आहे: बहुतेक वेळा हात आखूड पडतो, मग मुठीऐवजी बोटांवर रायफल घेऊन उंची मिळवायची.

डोकं सरळ. मान वाकवून रायफलकडे जायचं नाही, रायफल गालाकडे आणायची. मान वाकली की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा तिरपी होते आणि शरीर डोलायला लागतं. चीक पीस इतकी वर आणा की गाल टेकवल्यावर डोळा आपोआप डायॉप्टरच्या भोकासमोर येईल. डोळा शोधावा लागत असेल तर चीक पीस चुकीच्या उंचीवर आहे.

आता ती तपासणी, जी नवे नेमबाज सगळ्यात जास्त टाळतात. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, शरीर सैल सोडा, डोळे उघडा. रायफल टार्गेटच्या डावीकडे गेली असेल तर शरीराला तिथेच आराम वाटतोय. हातानं ती परत मध्ये आणली तर प्रत्येक शॉटला स्नायू ओढत राहतील आणि विसाव्या शॉटनंतर सगळे शॉट डावीकडे जायला लागतील. हात लावू नका, पावलं हलवा. मागचं पाऊल एखादा सेंटिमीटर सरकवलं की रायफल आपोआप वळते. उंचीचा फरक असेल तर हाताची पकड किंवा हँड रेस्ट (रायफलचा पुढच्या हातावर टेकणारा भाग) बदला. पुन्हा डोळे मिटा, पुन्हा बघा. डोळे उघडल्यावर रायफल मध्येच असेल, तेव्हाच छर्रा भरा. पंचवीस शॉटनंतर हे पुन्हा तपासा, कारण पावलं नकळत सरकतात.

वाढत्या वयाच्या मुलांच्या पाठीची काळजी इथेच घ्यावी लागते. पाठ रोज एकाच बाजूला वाकते आणि पिळते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला सुरुवातीला हलकी रायफल किंवा रायफलखाली स्टँड द्यावा. सरावानंतर उलट बाजूला ताण देणारे व्यायाम, प्लँक आणि एका पायावर उभं राहणं नेमानं करून घ्यावं. पाठ दुखत असताना ‘अजून दहा शॉट’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकाचं ऐकू नका.

नेम, श्वास, ट्रिगर आणि त्यानंतरचा क्षण

डायॉप्टरच्या गोल भोकात फोरसाइटचा गोल, त्याच्या मध्ये रिंग, आणि रिंगच्या मध्ये टार्गेटचा काळा ठिपका. सगळी वर्तुळं एकात एक आणि एकाच मध्याभोवती. नजर रिंगवर, ठिपका थोडा धूसर दिसला तर योग्यच. रिंग लहान घेतली की नेम बारीक होईल असं वाटतं, पण होतं उलट: ठिपक्याभोवती पांढरी जागा अगदी कमी राहते, डोळा ती मोजत बसतो आणि बोट गोठतं. सुरुवातीला रिंग अशी घ्या की पांढरं वर्तुळ ऐसपैस दिसेल.

रायफल वरून खाली येताना श्वास सोडत या. नेहमीसारखा श्वास सोडल्यावर जिथे छाती आपोआप थांबते, तिथे थांबा. रायफल स्थिरावल्यापासून पाच ते आठ सेकंदांत शॉट सुटायला हवा. नाही सुटला तर रायफल खाली घ्या. याच्यासारखा उपयोगी नियम दुसरा नाही आणि पाळायला याच्याइतका अवघडही नाही. आठ सेकंदांनंतर डोळ्याला जुनंच चित्र दिसत राहतं, श्वास मागायला लागतो, आणि मन म्हणतं ‘आता सोडून टाक’. ६० शॉटला ७५ मिनिटं असतात, म्हणजे एका शॉटला ७५ सेकंद. रायफल खाली घेऊन परत उचलायला वेळ पुरेसा आहे.

ट्रिगरला दोन टप्पे असतात. नेम मध्याच्या जवळ येताना पहिला टप्पा दाबून भिंतीला, म्हणजे जिथे ट्रिगर अडतो तिथे, टेका, आणि स्थिरावत असताना दुसऱ्यावर दाब हळू वाढवत न्या. बोटाचा पहिल्या पेराचा गर ट्रिगरवर, दाब सरळ मागे, आणि बोटाचा उरलेला भाग लाकडाला चिकटता कामा नये. नेम अगदी मध्यावर आला की ‘आत्ता!’ म्हणून बोट ओढणं हा सगळ्यांना जडणारा रोग आहे. मेंदूनं सांगून बोट हलेपर्यंत रायफल पुढे गेलेली असते, शिवाय ओढण्याचा धक्का वेगळाच. यावर औषध सोपं आहे. प्रशिक्षकाला किंवा मित्राला रायफल भरायला सांगा, त्यानं कधी छर्रा घालावा, कधी नाही, आणि तुम्हाला कळू देऊ नये. रिकाम्या रायफलवर ट्रिगर सुटताना नळी हलली, की ओढणं तुम्हालाच दिसेल.

शॉट सुटल्यावर एक-दोन सेकंद सगळं तसंच ठेवायचं: गाल, खांदा, नजर, बोट मागेच दाबलेलं. छर्ऱ्याला नळीतून बाहेर पडायला काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यातही नळी वळू शकते. त्या क्षणी रिंग कुठे दिसली ते लक्षात ठेवा आणि मॉनिटरकडे बघण्याआधी मनात बोला: ‘उजवीकडे, साडेनऊ’. मग बघा. तुमचं बोलणं आणि मॉनिटर जुळायला लागले की तुम्ही शिकायला लागलात, स्कोअर कितीही असो. जुळत नसेल तर तुम्हाला स्वतःचा शॉट दिसतच नाही, आणि दिसत नाही ते सुधारता येत नाही.

साइट जुळवणं

एका शॉटवर डायॉप्टरच्या स्क्रूचे क्लिक फिरवू नका. पाच शॉट मारा, त्यांचा ग्रुप बघा. ग्रुप पसरलेला असेल तर साइटला दोष नाही, पोझिशनकडे परत जा. ग्रुप घट्ट आणि एका बाजूला असेल तरच डायॉप्टर हलवा. शॉट ज्या दिशेला न्यायचा त्याच दिशेला डायॉप्टर जायला हवा. मात्र अनेक जर्मन डायॉप्टरवरची अक्षरं शॉट कुठे गेला ते सांगतात, कुठे न्यायचा ते नाही. म्हणून नव्या रायफलवर दहा क्लिक एका बाजूला फिरवून पाच शॉट मारा, दिशा आणि अंतर वहीत लिहून ठेवा. सामन्याच्या आधी १५ मिनिटं तयारी आणि सायटिंगची मिळतात, त्यात हे ज्ञान कामी येतं.

सराव कसा असावा

नवशिक्याचा अर्धा सराव छर्ऱ्याशिवाय व्हायला हवा. मॅच रायफलमध्ये ड्राय फायरिंगची सोय असते: ट्रिगर सुटतो, हवा जात नाही. स्प्रिंगच्या रायफलवर मात्र रिकामा ट्रिगर मारू नका, पिस्टनचं सील फाटतं. घरी करायचं असेल तर आधी दोनदा खात्री करा की नळी रिकामी आहे, छर्रे दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि नेम भक्कम भिंतीवरच धरा.

एका सत्रात आधी अंग मोकळं करा, मग ट्रिगरला हात न लावता नुसतं धरून उभं राहा, मग ड्राय फायरिंग, आणि शेवटी तीस-चाळीस शॉट. त्यातले काही कोऱ्या पांढऱ्या कार्डावर, काळ्या ठिपक्याशिवाय. ठिपकाच नसला की डोळ्याला साइट्सकडे बघण्यावाचून पर्याय राहत नाही, आणि कित्येकांचा ग्रुप कोऱ्या कार्डावर आश्चर्यकारक लहान येतो. आठवड्यातून एक दिवस मॉनिटर वळवून ठेवा.

वही ठेवा. स्कोअर लिहाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पावलांच्या खुणा, बटची लांबी, चीक पीसची उंची आणि चांगल्या शॉटच्या वेळी शरीराला काय वाटलं ते. नाशिकचे भीष्मराज बाम पोलिस सेवेतून निवृत्त झाल्यावर खेळाडूंना योग आणि एकाग्रतेचं शिक्षण देत राहिले, आणि महाराष्ट्राच्या नेमबाजीत श्वासावर आणि मनाच्या शिस्तीवर आज जो भर दिसतो त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. दहा मिनिटं शांत बसून श्वास बघणं सरावाचाच भाग माना, सरावानंतरची फुरसत नाही.

पहिली स्पर्धा आणि पुढे

ग्रुप सलग काही आठवडे नवाच्या रिंगमध्ये राहायला लागला की जिल्हा स्पर्धेत नाव द्या. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नियमांच्या गटाबरोबर राष्ट्रीय नियमांचे ओपन साइट (उघड्या खाचेची साइट) आणि पीप साइट (भोकाची साइट) यांचे गटही असतात, नवशिक्यांनी तिथून सुरुवात करायला काहीच हरकत नाही. पुढे राज्य पातळीवर कॅप्टन इझेकियल स्पर्धा आणि राज्य अजिंक्यपद, मग अखिल भारतीय मावळंकर स्पर्धा आणि राष्ट्रीय अजिंक्यपद, अशी वाट आहे. ते मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे संस्थापक तेच. पात्रतेचे गुण आणि नियम दर वर्षी बदलतात, म्हणून जिल्हा असोसिएशनकडून चालू वर्षाचं परिपत्रक घ्या आणि जॅकेट, बूट, ट्राउझर त्याप्रमाणे तपासून घ्या. तपासणीत जॅकेट बाद झालं तर सकाळी सातला दुसरं कुठून आणणार?

स्वतःची रायफल घ्यायची वेळ कोणती, हे आता सांगता येईल. क्लबच्या रायफलवर तुम्ही ६० शॉट वेळेत पूर्ण करता, शॉट कुठे गेला ते मॉनिटर न बघता सांगता येतं, आणि बट किती लांब, चीक पीस किती उंच हवी याचे आकडे वहीत आहेत. त्या आकड्यांनिशी दुकानात किंवा जुनी रायफल विकणाऱ्याकडे जा, प्रशिक्षकांना सोबत न्या, सिलिंडरवरची तारीख वाचा, आणि पैसे देण्याआधी किमान वीस शॉट मारून बघा.